ट्रायॲक्सियलला जुळतं, स्ट्रेसची दिशा वळली की चुकतं: मातीच्या मॉडेलची एक जुनी खोड

तपासायला येणाऱ्या मातीच्या मॉडेलांपैकी (म्हणजे भाराखाली माती कशी वागेल ते सांगणाऱ्या गणिती सूत्रांपैकी) बऱ्याच जणांची तक्रार एकच असते. कॅलिब्रेशनचा आलेख सुरेख असतो, ट्रायॲक्सियलची (नळकांडी नमुन्याला सगळीकडून दाबून उभा भार देण्याच्या चाचणीची) वक्ररेषा प्रयोगशाळेच्या ठिपक्यांवरून अलगद जाते. तेच मॉडेल भरावाच्या कडेखाली, खोदकामाच्या तळाशी किंवा धावत्या चाकांखाली लावलं की मोजमापांशी काडीचा मेळ बसत नाही. मग स्टिफनेस (कडकपणा) थोडा कमी केला जातो, फ्रिक्शन अँगल (कणांमधल्या घर्षणाचा कोन) एखाद्या अंशाने खाली आणला जातो. एका ठिकाणी जुळतं आणि दुसरीकडे बिघडतं.

अशा वेळी पॅरामीटरला हात लावू नका. ट्रायॲक्सियलमध्ये सर्वांत मोठा प्रिन्सिपल स्ट्रेस (शिअर नसलेल्या दिशेने येणारा ताण) एकतर उभा असतो, नाहीतर आडवा. मधल्या कोनात तो कधी जातच नाही. जमिनीत मात्र तो वळतो. भरावाच्या मध्याखाली तो जवळपास उभा असतो, पायथ्याकडे जाताना कलत जातो आणि पायथ्याच्या पलीकडे आडवा होऊ लागतो. उभ्या रेषेपासूनच्या या कोनाला पुढे अल्फा म्हणतो. म्हणजे कॅलिब्रेशनमध्ये मॉडेलला अल्फाबद्दल काही विचारलेलंच नसतं, आणि तरी आपण उत्तराची अपेक्षा धरून बसतो.

लक्षणं

खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर हाच दोष समजा.

- ट्रायॲक्सियल कॉम्प्रेशन जुळतं, पण त्याच मातीची सिंपल शिअर चाचणी (नमुन्याचा वरचा भाग आडवा सरकवण्याची) जुळत नाही. मॉडेलची ताकद सहसा जास्त येते.
- लाटा, भूकंप किंवा वाहतुकीच्या आवर्तनांत मॉडेलमधलं कणांमधल्या पाण्याचं दाबमान जागचं हलत नाही. प्रयोगात मात्र ते प्रत्येक फेरीला चढतं.
- घसरण-रेषेवर सगळीकडे अनड्रेन्ड ताकद (पाणी निघून जायला वेळ न मिळता असलेली) सारखीच दिसते. उताराच्या माथ्याखाली जेवढी, तेवढीच पायथ्याशी.
- खोदकामाच्या भिंतीचं सरकणं कमी येतं, किंवा भिंतीमागची जमीन खचण्याचा पट्टा मोजमापापेक्षा फारच रुंद येतो.
- उलटंही घडतं. फेऱ्या वाढतील तशी खचण संपतच नाही, विकृती साचतच राहते.
- द्विमितीय गणित ठीक चालतं, त्रिमितीय केलं की उत्तर विचित्र येतं. हे लक्षण वेगळ्या कारणाचं असतं आणि सुदैवाने सर्वांत स्वस्तात सुटतं.

पहिली तपासणी: चिन्हं, क्रम आणि शिअरचा दुप्पट-निम्मा

हिला काही खर्च नाही. मातीची यांत्रिकी दाबाला धन मानते, बहुतेक फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर ताणाला. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही आयात केलेल्या फाइलीत एखाद्या शिअरचं चिन्ह उलटं राहून जातं.

त्याहून घातक म्हणजे घटकांचा क्रम. अबॅकस स्टँडर्डमध्ये शिअरचे घटक एक-दोन, एक-तीन, दोन-तीन या क्रमाने येतात. प्लॅक्सिसमध्ये एक्स-वाय, वाय-झेड, झेड-एक्स. म्हणजे पाचवा आणि सहावा घटक अदलाबदल झालेला असतो. एका सॉफ्टवेअरसाठी लिहिलेलं मटेरियल रूटीन (मॉडेलची सूत्रं चालवणारा कोड) दुसऱ्यात आणलं की द्विमितीय गणितात काहीच कळत नाही, कारण तिथे फक्त चौथा घटक जिवंत असतो आणि तो दोन्हीकडे एकच आहे. त्रिमितीय केल्यावर बिंग फुटतं.

तिसरी गोष्ट इंजिनिअरिंग शिअर स्ट्रेनची. ती टेन्सरच्या शिअर घटकाच्या दुप्पट असते. रूटीनमध्ये कुठेतरी हा दोनचा गुणक सुटला की शिअरची कडकपणा-मऊपणाची सगळी गणितं दुपटीने किंवा निमपटीने चुकतात. ट्रायॲक्सियलमध्ये मात्र चूक शून्य दिसते, कारण तिथे शिअरचे घटकच शून्य असतात. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते.

तिन्ही एका झटक्यात पकडायची युक्ती अशी: एकाच एलिमेंटवर साधी ट्रायॲक्सियल चाचणी चालवा, मग तीच चाचणी सगळे अक्ष ३० अंशांनी तिरपे करून चालवा. मातीच्या थरांची दिशाही सोबत फिरवा. दोन्ही वेळा इन्व्हेरियंट (अक्ष फिरवले तरी न बदलणाऱ्या स्ट्रेसच्या राशी) तंतोतंत सारखे यायला हवेत. फरक दिसला तर दोष रूटीनमध्ये आहे, मातीत नाही. त्रिमितीय रूटीन असेल तर तिन्ही अक्षांभोवती फिरवून बघा. एकाच अक्षाभोवती फिरवलं तर पाचव्या-सहाव्याची अदलाबदल तशीच निसटते.

दुसरी तपासणी: दिशा खरंच वळतेय का?

हेही फुकट आहे, फक्त कंटाळवाणं. तुमच्या गणितातले पाच-सहा बिंदू निवडा: भरावाखाली मधला, कडेखालचा, पायथ्याबाहेरचा. प्रत्येक टप्प्याला अल्फा काढा. शिअर स्ट्रेसच्या दुपटीला उभ्या आणि आडव्या स्ट्रेसमधल्या फरकाने भागून, त्याचा आर्कटॅन घेऊन निम्मा करायचा. साधा आर्कटॅन वापरू नका, चिन्हांवरून चरण (क्वाड्रंट) ओळखणारा दोन-आर्ग्युमेंटवाला वापरा. नाहीतर ४५ अंशांपाशी अल्फा अचानक उडी मारतो आणि नसलेलं वळण दिसू लागतं.

हा आलेख पाहिल्यावर निम्मे लोक सुटतात. अल्फा सगळ्या कामात पाच-सात अंशांच्या वर हललाच नसेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. तुमचा दोष ड्रेनेज, थरांची जाडी किंवा नमुन्याच्या खराबीत शोधा.

सुरुवातीचा स्ट्रेसही इथेच बघा. के-नॉट, म्हणजे स्थिर जमिनीतल्या आडव्या आणि उभ्या स्ट्रेसचं गुणोत्तर, एकापेक्षा कमी असेल तर अल्फा शून्यापासून निघतो. जुन्या, कधीकाळी जास्त दाब सोसलेल्या चिकणमातीत के-नॉट एकाहून मोठा असू शकतो, मग अल्फा ९० पासून निघतो. जाकीचं १९४४ चं सूत्र, म्हणजे एक वजा फ्रिक्शन अँगलचा साइन, हे नॉर्मली कन्सॉलिडेटेड, म्हणजे आजच्याहून जास्त दाब कधीच न सोसलेल्या, मातीसाठी आहे. ते डोळे झाकून ओव्हरकन्सॉलिडेटेड (पूर्वी जास्त दाबलेल्या) थराला लावलं तर सगळी वाटचाल चुकीच्या टोकापासून सुरू होते. उतारावर के-नॉट पद्धतीने स्ट्रेस टाकून संतुलनाचा टप्पा न चालवणं ही याचीच धाकटी बहीण.

तिसरी तपासणी: एका एलिमेंटला नुसतं गोल फिरवा

सगळ्यात जास्त माहिती याच तपासणीतून मिळते, म्हणून इथे घाई नको.

एकच एलिमेंट घ्या. सरासरी स्ट्रेस, डेव्हिएटर स्ट्रेस (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान स्ट्रेसमधला फरक) आणि बी हा पॅरामीटर (मधला प्रिन्सिपल स्ट्रेस त्या दोघांच्या दरम्यान कुठे पडतो ते ० ते १ मध्ये सांगणारा), तिघांनाही स्थिर ठेवा. फक्त अल्फा शून्यापासून १८० अंशांपर्यंत फिरवा. आडव्या अक्षावर उभ्या-आडव्या स्ट्रेसच्या फरकाचा निम्मा भाग आणि उभ्या अक्षावर शिअर स्ट्रेस घेतला, तर ही वाट म्हणजे एक पूर्ण वर्तुळ होतं. वर्तुळावरचा कोन अल्फाच्या दुप्पट असतो, हे लक्षात असू द्या.

ही वाट काल्पनिक नाही. खोल समुद्रतळावरून पुढे सरकणाऱ्या लाटेखाली लवचीक तळातला स्ट्रेस असाच फिरतो: डेव्हिएटर स्थिर, दिशा सतत वळती. इशिहारा आणि तोवहाता यांनी १९८३ साली पोकळ सिलिंडरच्या नमुन्यावर नेमकी ही वाट चालवून दाखवली. डेव्हिएटर न वाढवता, नुसती दिशा फिरवून सैल वाळूत पाण्याचं दाबमान चढत गेलं. ड्रेन्ड परिस्थितीत (पाण्याला निघून जाऊ दिलं तर) तीच वाळू आकसते, सुरुवातीच्या फेऱ्यांत जास्त, नंतर कमी-कमी.

आता तुमचं मॉडेल काय म्हणतं ते बघा.

मोहर-कूलॉम्ब, मॉडिफाइड कॅम-क्ले किंवा इन्व्हेरियंटवर उभं असलेलं कुठलंही आयसोट्रॉपिक हार्डनिंगचं मॉडेल असेल, तर उत्तर ठरलेलं आहे: प्लॅस्टिक (भार काढला तरी परत न येणारी) विकृती शून्य, आकुंचन शून्य. यील्ड सरफेसचं (जिच्यापलीकडे प्लॅस्टिक विकृती सुरू होते त्या सीमेचं) गणित सरासरी स्ट्रेस, डेव्हिएटर आणि लोडे अँगल (बीसारखंच मधल्या स्ट्रेसचं स्थान सांगणारा कोन) एवढ्यांवरच चालतं. ते तिन्ही स्थिर आहेत. मग मॉडेलच्या लेखी काही घडलेलंच नाही. स्ट्रेस-बिंदू यील्ड सरफेसवर असला तरी तो पृष्ठभागावरून नुसता सरकतो, बाहेर पडत नाही. हा बग नाही. मॉडिफाइड कॅम-क्लेच्या १९६८ च्या रॉस्को-बर्लंड सूत्रांत दिशेची आठवण ठेवायला जागाच नाही, त्यामुळे पॅरामीटर कितीही बदला, शून्य ते शून्यच.

सोबत आणखी एक कोन काढा: विकृतीच्या वाढीची दिशा. ती स्ट्रेसच्या दिशेपासून किती पुढे आहे ते मोजा. शुद्ध फिरवणीत स्ट्रेसच्या वाढीची दिशा अल्फाच्या ४५ अंश पुढे असते. खऱ्या वाळूत विकृतीची वाढ या दोन टोकांच्या मधे कुठेतरी पडते आणि स्ट्रेस-रेशो वाढेल तशी स्ट्रेसच्या दिशेकडे सरकते. तुमच्या आलेखात हा फरक सगळीकडे नेमका ४५ येत असेल तर मॉडेल पूर्ण लवचीक वागतंय. सिंपल शिअरच्या वाटेवर प्लॅस्टिक भागाचा फरक पहिल्या पावलापासून नेमका शून्य असेल तर फ्लो रूल (प्लॅस्टिक विकृतीची दिशा ठरवणारा नियम) कोॲक्सियल आहे, म्हणजे विकृतीला स्ट्रेसच्याच दिशेला बांधतो. सिंपल शिअरमध्ये दोन्ही दिशा सुरुवातीला जुळत नाहीत हे रॉस्को, बॅसेट आणि कोल यांनी १९६७ सालीच मोजून दाखवलं होतं. दोन्ही आकडे इतके नेमके असतात की एका नजरेत निदान होतं. मी तर कॅलिब्रेशनचे सुंदर आलेख बघण्याआधी हा एक आलेख मागतो.

चौथी तपासणी: पाऊल लहान करा

मॉडेलला दिशेची आठवण आहे, तरी उत्तर डळमळतंय? पावलाचा आकार बघा. प्रत्येक पावलात गणित वर्तुळाच्या कंसावरून जात नाही, जीवेवरून जातं. अल्फाचं पाऊल १० अंशांचं असेल तर वर्तुळावर ते २० अंश होतं आणि जीवेच्या मध्याशी डेव्हिएटर ०.९८५ पट उरतो. म्हणजे जो स्थिर ठेवायचा होता तो दर पावलात दीड टक्का घटतो आणि पुन्हा वाढतो. ३० अंशांच्या पावलात तो ०.८६६ पर्यंत घसरतो. आपण नकळत प्रत्येक पावलाला अनलोडिंग-रीलोडिंग देत असतो आणि अनलोडिंगला संवेदनशील मॉडेल त्याला इमानदारीने प्रतिसाद देतं. एक अंशाच्या पावलात ही घट नगण्य होते.

पाऊल निम्मं करा, पुन्हा निम्मं करा. उत्तर हलायचं थांबेल तिथे थांबा. ते हलतच राहिलं तर सबस्टेपिंगची (पावलाचे आतल्या आत तुकडे करण्याची) सहनसीमा घट्ट करून बघा. तरीही हलतंय तर इंटिग्रेशनच कच्चं आहे, आणि तिथून पुढे मॉडेल लिहिणाऱ्याचं काम.

पाचवी तपासणी: आठवण ठेवणारे टेन्सर फिरतात का?

मोठ्या विकृतीचं गणित असेल तरच ही लागू होते. घसरण, पाइल ठोकणं, मऊ मातीत रुतणं, असली प्रकरणं.

अबॅकसच्या यूमॅटमध्ये (वापरणाऱ्याने लिहिलेल्या मटेरियल रूटीनमध्ये) स्ट्रेस आणि स्ट्रेन रूटीनला बोलावण्याआधीच फिरवून दिलेले असतात. स्टेट व्हेरिएबल मात्र कोणी फिरवून देत नाही. बॅक-स्ट्रेस, फॅब्रिक टेन्सर, इंटरग्रॅन्युलर स्ट्रेन हे मातीची दिशेची आठवण ठेवणारं सगळं स्टेट व्हेरिएबलमध्येच असतं. ते दिलेल्या रोटेशन मॅट्रिक्सने तुम्हालाच फिरवावं लागतं. नाही फिरवलं तर मातीचा कण वळतो, पण त्याची आठवण जुन्याच दिशेला बघत राहते. तपासणी सोपी आहे: स्ट्रेस दिलेलं एलिमेंट विकृती न देता नुसतं ९० अंश वळवा, मग पुढे लोड करा. न वळवलेल्या एलिमेंटला वळलेल्या अक्षांत तेच लोड दिल्यावर जे उत्तर येतं, तेच यायला हवं.

कायनेमॅटिक हार्डनिंगसोबत (यील्ड सरफेस सरकवणाऱ्या मॉडेलसोबत) जॉमान रेट, म्हणजे वळणाऱ्या कणातला स्ट्रेस-बदल मोजायची एक पद्धत, वापरला तर मोठ्या सिंपल शिअरमध्ये शिअर स्ट्रेस वरखाली हेलकावे खाऊ लागतो. ही जुनी, माहीत असलेली व्याधी आहे. त्यावर मातीचे पॅरामीटर बदलणं हा उपाय नव्हे.

सहावी तपासणी: मॉडेल बदलायचंच असेल तर

तिसऱ्या तपासणीत शून्य आलं असेल आणि दुसऱ्या तपासणीत अल्फा भरपूर वळत असेल, तर मॉडेल बदलण्याला पर्याय नाही. पण सगळ्यांना एकच मॉडेल नको.

मऊ चिकणमातीवरचा भराव, एकदाच भार, प्रश्न फक्त स्थैर्याचा: कॉम्प्रेशन, सिंपल शिअर आणि एक्स्टेन्शन अशा तीन वेगवेगळ्या अनड्रेन्ड ताकदी देता येणारं एनजीआय-एडीपीसारखं मॉडेल पुरतं. एक्स्टेन्शनची ताकद कॉम्प्रेशनपेक्षा लक्षणीय कमी असते, विशेषतः कमी प्लॅस्टिसिटीच्या मातीत, त्यामुळे पायथ्याशी ती कॉम्प्रेशनइतकीच धरणं म्हणजे सुरक्षिततेचा आकडा फुगवणं. मात्र या मॉडेलकडून फेऱ्यांत साचणारी विकृती मागू नका.

मऊ मातीतली दीर्घकालीन खचण: यील्ड सरफेस कललेला आणि भारासोबत वळणारा असलेलं एस-क्ले-१ च्या घराण्यातलं काही.

वाळू आणि आवर्तनं: सॅनिसँडसारखी बाउंडिंग सरफेस मॉडेलं किंवा इंटरग्रॅन्युलर स्ट्रेनसह हायपोप्लॅस्टिसिटी. या दुसऱ्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण घोळ इथेच होतो. निएमुनिस आणि हेर्ले यांच्या १९९७ च्या मांडणीत स्टिफनेस वाढवणारे दोन गुणक आहेत: विकृतीची दिशा पूर्ण उलटली तर एक, ९० अंशांनी वळली तर दुसरा. त्यांच्या उदाहरणातले आकडे ५ आणि २. आवर्ती ट्रायॲक्सियलमध्ये दिशा फक्त उलटते, म्हणून तिच्यातून पहिलाच गुणक मिळतो. दुसरा बहुतेक जण जसाच्या तसा उतरवून घेतात. आणि आपली समस्या तर नेमकी वळण्याची, उलटण्याची नव्हे! तो दुसरा आकडा १ ते ५ दरम्यान हलवून अंतिम उत्तर किती बदलतं ते बघा. फार बदललं तर तो अंदाजाने ठेवता येणार नाही.

लक्षणांच्या यादीतलं उलटं टोक, म्हणजे विकृती साचतच राहणं, हे बहुधा इंटरग्रॅन्युलर स्ट्रेन बंद ठेवलेल्या हायपोप्लॅस्टिसिटीचं असतं. आणि तो चालू केल्यावर नवी खोड निघते: लोडिंगच्या मधेच इवलंसं अनलोडिंग झालं की स्टिफनेस पुन्हा चढतो आणि वक्ररेषा मूळ रेषेच्या वर निघून जाते. स्मॉल-स्ट्रेन स्टिफनेसच्या इतरही मॉडेलांत हे दिसतं. बांधकामाच्या दोन टप्प्यांमधला नगण्य धक्काही त्याला पुरतो. एकदाच्या भाराला हे चालवून घेता येतं, फेऱ्यांना नाही. फेऱ्या हजारोंत असतील तर एकेक फेरी मोजण्याचा नाद सोडून संचयाची, म्हणजे फेऱ्यांच्या संख्येवरून साचलेली विकृती थेट काढणारी, मॉडेलं बघावीत.

सातवी तपासणी: प्रयोगशाळेचे ठिपके

सर्वांत महाग, म्हणून शेवटी. पोकळ सिलिंडरच्या चाचणीत आतला आणि बाहेरचा दाब समान ठेवला की बी आणि अल्फा एकमेकांना बांधले जातात: बी म्हणजे अल्फाच्या साइनचा वर्ग. मग दिसलेला परिणाम दिशेचा की मधल्या स्ट्रेसचा, हे सांगता येत नाही. ट्रायॲक्सियलमध्येही तेच आहे. कॉम्प्रेशनला अल्फा शून्य आणि बी शून्य, एक्स्टेन्शनला ९० आणि १. दोन्ही दाब वेगळे ठेवले तर गाठ सुटते, पण भिंतीच्या जाडीत स्ट्रेस असमान होतो. अहवालात हे दाब दिले नसतील तर ते मागून घ्या.

नमुना कसा तयार केला तेही विचारा. ओलसर ठोकून बनवलेली वाळू आणि पाण्यात किंवा हवेत पाडून बनवलेली वाळू, घनता तीच असली तरी कणांची मांडणी वेगळी असते आणि दिशेला प्रतिसादही वेगळा. जमिनीत पाण्याने बसलेला थर असेल आणि कॅलिब्रेशन ठोकलेल्या नमुन्यावर, तर न जुळण्याचं नवल नाही.

कुठे थांबायचं

तिसऱ्या तपासणीपर्यंत कोणीही इंजिनिअर स्वतः करू शकतो. चौथी-पाचवी मटेरियल रूटीन वाचता येणाऱ्याने करावी. त्यापुढे खालच्या गोष्टी दिसल्या की स्वतःचं डोकं चालवणं बंद करा.

साइटवरचा इन्क्लिनोमीटर (जमिनीचं आडवं सरकणं मोजणारं उपकरण) मॉडेलच्या पुढे धावतोय आणि वेग वाढतोय: ही मॉडेलची समस्या राहिलेली नाही. काम थांबवा, जबाबदार जिओटेक्निकल इंजिनिअरला त्याच दिवशी कळवा. मॉडेल नंतर जुळवता येईल.

एकच बिंदू जुळवण्यासाठी तिसऱ्यांदा पॅरामीटर बदलावा लागतोय आणि तो बदल कुठल्याही चाचणीतून येत नाही: थांबा. आता हवी असलेली माहिती फक्त नव्या चाचण्यांत आहे. किमान सिंपल शिअर आणि ट्रायॲक्सियल एक्स्टेन्शन, जमल्यास पोकळ सिलिंडर. शेवटचं यंत्र मोजक्याच प्रयोगशाळांत असतं आणि ते चालवायला सरावलेला हात लागतो, त्यामुळे चाचणीची आखणी त्यांच्यासोबत बसूनच करा.

धरण, किनाऱ्याबाहेरचा पाया, वस्तीलगतचं खोल खोदकाम, अशा ठिकाणी दिशेच्या परिणामावर सुरक्षितता अवलंबून असेल तर तुमचं मॉडेल कितीही छान जुळो, स्वतंत्र तज्ज्ञाकडून वेगळ्या मॉडेलने तपासून घ्या.

तज्ज्ञाकडे जाताना पूर्ण प्रोजेक्टची अवजड फाइल पाठवू नका. पाच-सहा बिंदूंचे अल्फाचे आलेख, शुद्ध फिरवणीची एका एलिमेंटची इनपुट फाइल, पावलाचा आकार, चिन्हांची आणि घटकांची पद्धत एका ओळीत, नमुना कसा बनवला ती नोंद आणि कॅलिब्रेशनला वापरलेल्या चाचण्यांचे कच्चे आकडे. एवढं हातात असलं की बहुधा पहिल्याच बैठकीत दोष कुठल्या तपासणीपाशी अडलाय ते कळतं.